परवान्याशिवाय काढलेला बिघाड

आमच्या घरात मिक्सरचं भांडं अडकलं तरी परवाना काढावा लागतो. आमच्या म्हणजे देसाईकाकांच्या. इथे परदेशात, बुकित पंजांग भागातल्या त्यांच्या फ्लॅटमधली एक खोली मी भाड्याने घेतली आहे.

काका जुरोंग आयलंडवर एका कारखान्याच्या देखभाल विभागात आहेत. तिथे कागदावर सही झाल्याशिवाय कुणी नटाला पाना लावत नाही म्हणे. ती शिस्त काका कंपनीच्या बसमधून घरी घेऊन आले. घरचा फॉर्म मात्र मराठीत आहे: कामाचं स्वरूप, मुदत, अर्जदार, मंजुरी. अर्जदार काका आणि मंजुरी देणारेही काकाच. मग बटणावर लाल पाटी लागते, ‘काम चालू आहे’.

“आधी वीज तोडायची, मग डोकं चालवायचं,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

सगळ्यात जास्त परवाने निघत ते रोहनच्या जुन्या गेमिंग कन्सोलसाठी. रोहन काकांचा एकुलता एक मुलगा, आता कॅनडात असतो. शाळेत असताना त्याने कन्सोल उघडून आत मोठी हार्ड डिस्क आणि जास्तीचा पंखा बसवला होता. कुठली वायर कुठे जाते हे त्यालाच ठाऊक. कन्सोल पाच मिनिटांत तापून बंद पडायचा. म्हणून दर रविवारी सकाळी काका परवाना भरायचे, मला टॉर्च धरून उभं करायचे आणि रोहनला व्हिडिओ कॉल लावायचे.

“अगेन आ, बाबा? थ्रो अवे लाह!” रोहन अजून इथल्याच इंग्रजीत कातावायचा.

“थ्रो काय थ्रो! निळी वायर कुठे जाते ते सांग.”

“फॅन चेक केला?”

“झकास फिरतोय. जेवलास का?”

“बाबा, दॅट वन नॉट ब्लू!”

“असू दे. काय जेवलास?”

तासाभराने कन्सोल होता तसाच असायचा आणि काका मात्र खुशीत शीळ घालत भांडी घासायचे.

मी गावाकडच्या आमच्या घरातला कॉलेजात गेलेला पहिलाच. इलेक्ट्रॉनिक्स शिकतो. इथे आल्या आल्या मला ताप आला, तेव्हा काकांनी तीन दिवस मऊ भात करून घातला होता. त्यांच्यासाठी काहीतरी करावं असं फार वाटायचं. एका शनिवारी ते कामावर असताना मी कन्सोल उघडला. जास्तीच्या पंख्याची वायर सुटलेली होती. ती दाबून बसवली. कन्सोल दुपारभर चालला. मी गावी आईला फोन करून सांगितलंसुद्धा.

रविवारी काकांनी कॉल लावला. “रोहन, चालू झाला रे.”

“वाह, फायनली! गुड, बाबा. ओके, बाय हां.”

मिनिटसुद्धा झालं नसेल. काका फोनकडे बघत राहिले. जेवलास का, हे विचारायचं राहूनच गेलं.

“परवाना काढला होतास?” त्यांनी मला विचारलं.

“नाही काका.”

“हं.” त्यांनी लाल पाटी पुसून खणात ठेवली.

पुढच्या रविवारी कॉल झाला नाही. “कामात असेल तो. उगाच कशाला?” काका म्हणाले. भांडी त्या दिवशी मीच घासली. घासता घासता मला आठवलं, की त्या वायरच्या टोकाला एक छोटी कडी आहे. ती नखाने दाबल्याशिवाय वायर सुटत नाही. आपोआप तर नाहीच. आयुष्य देखभालीत गेलेल्या माणसाला हे कळलं नसेल, असं मला वाटत नाही.

शनिवारी मी खणातून एक कोरा फॉर्म घेतला. कामाचं स्वरूप: पंख्याची वायर काढणे. अर्जदार म्हणून माझं नाव. मुदत काय लिहावी सुचेना, म्हणून ती जागा कोरी ठेवली आणि फॉर्म काकांच्या चहाजवळ ठेवला.

काकांनी चष्मा लावला. एवढासा कागद त्यांना वाचायला बराच वेळ लागला. मग त्यांनी मंजुरीपुढे सही केली, आणि कोऱ्या जागेत सावकाश अक्षरात लिहिलं:

‘पुढील सूचना मिळेपर्यंत.’