काकांच्या अल्बममधली धाकटी

काका गेले आणि त्यांनी जन्मभर जमवलेले वंशावळीचे कागद घड्याळजींच्या घरी आले. "केसाएवढी स्प्रिंग बसवतो मी, सात पिढ्या जागच्या जागी बसवायला कितीसा वेळ?" असं बायकोला ऐकवून त्यांनी रविवारी सकाळी गाठोडं सोडलं.

तळाशी एक जाडजूड फोटो अल्बम निघाला. काका, काकू, त्यांच्या तीन मुली. आणि मुलींच्या फोटोशेजारीच लावलेल्या वेगळ्या फोटोत, स्टुडिओतल्या कुंडीला टेकून उभी असलेली घड्याळजींची बायको! लग्नाआधीची. त्यांनी फोटो उलटला. मागे लिहिलं होतं, 'आमची धाकटी'.

घड्याळजींनी फोटो पुन्हा सुलटा केला. बायको तिच्या थोरल्या बहिणीसारखी मुळीच दिसत नाही, हे सासुरवाडीत सगळेच म्हणायचे. म्हणजे काकांनी चौथी मुलगी दत्तक दिली असणार. म्हणजे चोवीस वर्षं आपण...

"अहो, चहा टाकू का?" आतून बायकोने विचारलं.

"हो, ताई," घड्याळजी बोलून गेले.

बायको बाहेर आली आणि ताप आहे का ते बघायला त्यांच्या कपाळाला हात लावायला लागली. घड्याळजी दोन हात मागे सरले, अल्बम पिशवीत कोंबला आणि उलटीसुलटी बटणं लावून थेट आत्याकडे निघाले. जुनं काही ठाऊक असलेली आता ती एकटीच उरली होती.

आत्याने चष्मा शोधला. मग तो पुसला. घड्याळजींचा जीव टांगणीला लागला होता.

"हे अक्षर काकाचं कुठाय? तुझ्या सासऱ्यांचं आहे," ती म्हणाली. "स्थळाबरोबर आलेला फोटो हा. तू प्रत्येक मुलीच्या फोटोत काहीतरी खोट काढायचास. म्हणून काकाने हा तुला दाखवलाच नाही, सरळ मुलीच्या घरी नेऊन बसवलं."

"मग काकांना मुली किती?"

"तीन. तुझ्यासमोरच वाढल्या ना रे?"

घड्याळजी मटकन खाली बसले आणि तांब्याभर पाणी प्यायले.

घरी येऊन त्यांनी बायकोला सगळं सांगून टाकलं. तिने हसून घेतलं. मग म्हणाली, "मला मात्र तुमचा फोटो दाखवला होता. मी नको म्हणाले होते."

"मग होकार कसा आला?"

"तुम्ही पाहायला आलात आणि कुणी न सांगता आमचं भिंतीवरचं घड्याळ खोलून सगळे भाग टेबलावर मांडून ठेवलेत. बाबा म्हणाले, आता नाही म्हटलं तर हे जोडणार कोण?"