दिवा विझेना

काकू लेकीच्या बाळंतपणाला जाऊन तीन महिने झाले होते आणि दर फोनला ‘अजून पंधराच दिवस’ पुढे सरकत होते. रेडिओकाकांनी चाळीस वर्षं लोकांचे रेडिओ बोलते केले, पण ‘तुझ्यावाचून करमत नाही’ एवढं वाक्य काही त्यांच्या तोंडून फुटत नव्हतं. त्यातच काकूंचा स्वयंपाकघरातला रेडिओ घरघरायला लागला आणि काकांना हुरूप आला. ती यायच्या आत तो ठणठणीत करायचा!

घरघर म्हणजे एखादा कंडेन्सर गळका. आतली वीज धरून न ठेवता झिरपू देणारा. तो पकडायला काकांनी साबणाच्या डबीत घरगुती यंत्र बसवलं. दोन चिमटे, एक बटण, एक इवलासा लाल दिवा. चिमट्यांत कंडेन्सर धरून बटण दाबायचं. दिवा लुकलुकून विझला तर माल चांगला, जळत राहिला तर गळका.

रेडिओतले अकराच्या अकरा गळके निघाले. ताडून पाहायला काकांनी पंख्याचा काढला. तोही गळका! मग वॉशिंग मशीनचा, मग इमारतीच्या पंपाचा.

थोड्याच वेळात वरच्या मजल्यावरच्या ताई बादली घेऊन दारात.

"काका, नळाला थेंब नाही!"

"पंपाचा कंडेन्सर गेलाय, ताई."

"सकाळी तर चांगला चालत होता!"

"चालत होता. आतून खचलेलं बाहेरून दिसत नाही," काका म्हणाले, आणि उगाचच काकूंचा रेडिओ पुसायला लागले.

तेवढ्यात काकूंचा फोन.

"घर ठीक ना?"

"कसलं ठीक! पंखा बंद, पाणी बंद, कपडे भिजत पडलेत, वरच्या ताई बादली घेऊन उभ्या आहेत. साबणाच्या डबीत यंत्र केलंय, त्यावर तपासला तो प्रत्येक कंडेन्सर गळका."

"प्रत्येक? अहो, चिमटे मोकळे ठेवून बटण दाबलंत का?"

आधी माल, मग बटण, ही काकांची आयुष्यभराची शिस्त. मोकळे चिमटे त्यांनी कधी तपासलेच नव्हते. आता दाबलं. चिमट्यांत काहीच नव्हतं, तरी दिवा ऐटीत जळत राहिला. जुन्या सुट्या भागांच्या डब्यातला गळका कंडेन्सर त्यांनी यंत्रातच बसवला होता. म्हणजे दोष यंत्राचाच; काढलेले परत बसवले की तासाभरात सगळं घर पूर्ववत झालं असतं.

"काय झालं? सापडलं ना?"

काकांनी बटणावरचं बोट काढलं.

"कसं सापडणार? दोघं लागतात गं. एकानं चिमटे धरायचे, एकानं दिवा बघायचा."

"साबणाच्या डबीला दोघं?"

"लागतात."



"बरं," काकू म्हणाल्या, "उद्याची गाडी बघते. पंपाचा तेवढा आत्ताच बसवा, ताई खोळंबल्यात."