सत्काराआधीची पाटी

“खोटं वाटंल तुम्हाला, पण माझी शोकसभा मी सोता ऐकलीय. अगदी मंचावरून!” दिंडोरीच्या टपरीवर चहाची बशी खाली ठेवत रावजी म्हणाले. समोर बसलेल्या बहिरूनं नुसती भुवई उडवली.

रावजींची सून तेजस्विनी गावची वेबसाइट चालवायची. प्रत्येक मथळ्याआधी बातमीचा प्रकार दिसावा, लग्न, बाजारभाव, सत्कार, निधन, म्हणून त्या दिवशी ती वेबसाइटच्या साच्यात फेरफार करत होती. रावजी खांद्यावरून डोकावत होते.

“ही पाटी आपोआप कशी लागती गं?”

“ज्या बातमीची जी असेल ती साचा उचलतो, आबा. आत्ता नुसतं दिसायला कसं दिसतं म्हणून साच्यातच हातानं ‘निधन’ टाकलंय. थांबा, कुकर बंद करून आले. हात लावू नका बरं!”

हात लावू नका म्हटल्यावर रावजींचा हात थोडाच ऐकतो! त्यांनी ‘सेव्ह’ दाबलं. सगळ्या मथळ्यांना एकच पाटी लागली. ‘निधन : द्राक्षांना चांगला भाव.’ ‘निधन : दत्तूशेठकडे बारसं.’ आणि सर्वांत वर, ‘रावजी बोरस्ते यांचा आज मंदिरात सत्कार’ ही बातमी. मोबाइलवर मावलं तेवढंच लोकांनी वाचलं : ‘निधन : रावजी बोरस्ते...’

तासाभरात भाऊबंद पिठलं-भाकरी घेऊन दारात. रावजी मात्र केव्हाच मंदिरात पोचून मंचावर सत्काराच्या फ्लेक्समागे फेटा बांधत होते. डोकावून बघतात तर सत्काराची शोकसभा झालेली : फ्लेक्सवरच्या त्यांच्या फोटोला हार पडलेला, पुढं शाल आणि नारळ. फोन वाजला.

“आबा, घोळ झालाय! लगेच दुरुस्त करते.”

“भाषणं होईस्तोवर हात लावू नको,” रावजी कुजबुजले. “जित्या माणसाच्या सत्काराला लोक जेवणाकडं बघत बोलत्यात. मेल्यामागं काय बोलत्यात, ते एकदा कळू दे!”

बशीतला उरलेला घोट संपवून रावजींनी मिशी पुसली. “मग काय! हा बहिरू ढसाढसा रडला. दत्तूशेठ म्हणला, असा बागाईतदार पुन्हा होणे नाही. मी हूं का चूं केलं नाय. सभा उरकली, तसा गुपचूप मागल्या दारानं घरी.”

“बास कर, रावजी!” बहिरू उसळला. “दत्तूशेठ म्हणला, ‘माणूस सोन्यासारखा, फकस्त द्राक्षं जरा आंबट.’ तवा फ्लेक्स फाडून कोण आलं भायेर, ‘आंबट तुझा बाप’ म्हणत? आन् मी रडलो कुठं? चपला सोडून पळालो!”