सुदेश सरांची उजवी पाकळी

"यंदाचा कप गावात आला नाही, तर गळ्यातली ही शिट्टी मी कोलवाळच्या पुलावरून नदीत टाकीन आणि पुन्हा म्हणून मैदानात पाय ठेवणार नाही!"

सुदेश सरांनी ही प्रतिज्ञा घरात, दार लावून केली असती तर कुणाला पत्ता लागला नसता. पण ती त्यांनी केली धारगळच्या तिठ्यावर, चहाच्या गाड्यापाशी, क्लबची सगळी कमिटी हातात गरम भजी घेऊन उभी असताना! कमिटीने भजी संपवली, हात पुसले आणि "ठरलां!" म्हणून टाकलं. त्यांचं काय जात होतं? मुलींचा फुटबॉल संघ दरवर्षी फायनलला पोचायचा आणि दरवर्षी पेनल्टीत माती खाऊन परत यायचा. म्हापशाच्या एका कोचशी कमिटीचं आतून बोलणंही झालं होतं. म्हणजे हा कप हुकला की संघ गेला, आणि संघ गेला की सुदेश सरांकडे उरणार फक्त शाळेतली कवायत! ज्या पोरींना त्यांनी चेंडू कुठल्या बाजूने लाथाडायचा इथपासून शिकवलं, त्या दुसऱ्याच्या शिट्टीवर धावणार, हे त्यांना बघवणार नव्हतं.

पण सर गाजत होते ते उगाच नाही. ते नुकतेच फोंड्याहून खेळाडूंच्या मानसशास्त्राचं शिबिर करून आले होते. पाय सगळ्यांनाच असतात, पेनल्टी मनाने मारायची असते, हे ज्ञान त्यांना तिथे झालं होतं. तेव्हापासून ते साध्या माणसासारखं बोलेनासे झाले.

"या चहाबाबत माझी अपेक्षा आणि वास्तव यांत अंतर पडलं आहे," ते सकाळी बायकोला म्हणाले.

"अंतर कमी करूक साखरेचो डबो थंय असा," क्षमा म्हणाली. तिचं माहेर डिचोली. फायनलला समोर उभा ठाकणारा संघही डिचोलीचाच. त्यामुळे त्या घरात सध्या मानसशास्त्राला फारसा भाव नव्हता.

पहिल्याच दिवशी सरांनी सगळ्या पोरींना मैदानावर आडवं झोपवलं. "डोळे मिटा. श्वास खोल. आता मी सांगतो ते डोळ्यांसमोर आणा." आणि मग आवाज खाली नेऊन, शब्द लांबवत सुरू केलं, "आम्ही मैदानात उतरलो आहोत... आमच्या मनात कसलंही भय नाही..."

"व्हय म्हाराजा!" पोरी एका सुरात ओरडल्या.

सर दचकले. "हे देवळातलं गाऱ्हाणं नव्हे गो! मनाची तयारी आहे! फक्त चित्र बघायचं!"

"तुमी तशेच सुरात सांगतात सर," मिटल्या डोळ्यांनीच पल्लवी म्हणाली. "तोंडातसून आपसूक येता."

पल्लवी म्हणजे संघाची पहिल्या नंबरची गोल मारणारी. आणि गोलात उभी राहायची गौरवी, संघाची कॅप्टन. ती उठून बसली आणि तिने नेमका नको तो प्रश्न विचारला. "सर, सातेरीक प्रसाद कधी लावूचो?"

प्रसाद लावणं म्हणजे काय, हे पेडण्यातल्या माणसाला सांगायला नको, इतरांसाठी सांगतो. गुरव ग्रामदेवी सातेरीच्या मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि आपलं काम तिच्या कानावर घालतो. उजवीकडची पाकळी आधी पडली तर देवीचा होकार, डावीकडची पडली तर कपाळाला हात! लग्न, घर, बोअरवेल, फुटबॉल, सगळं आधी तिला विचारायचं. गेल्या वर्षी डावी पडली होती, आणि पोरी मयताला आल्यासारख्या मैदानात उतरल्या होत्या.

म्हणूनच सर कडाडले, "यंदा प्रसाद नाही! जे आपल्या हातात नाही, त्याचा विचारच करायचा नाही. शास्त्र आहे हे!"

शास्त्राने घोटाळा केला! त्या दिवसापासून संघाचा धीरच सुटला. पल्लवीने मारलेला चेंडू गोल सोडून शेजारच्या गोठ्यात जाऊ लागला. म्हशी दूध चोरू लागल्या. गौरवीसारखी गोलकीपर, पण चेंडू उजवीकडे आणि ही डावीकडे झोकून मोकळी!

"काय होतंय तुला?" सर खेकसले.

"सर, देवीन डावी दिली तरी ती कळता तरी," गौरवी रडवेली होऊन म्हणाली. "हंय काय कळणाच नाय! त्येचां भंय जास्त वाटता!"

यावर काय करावं, ते शिबिरात सांगितलं नव्हतं. सरांची झोप उडाली. डोळे मिटले की नदी दिसे आणि नदीत बुडत जाणारी शिट्टी. शेवटी फायनलच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी पोरी जमल्या, आणि सरांच्या तोंडून ते निघून गेलं.

"काल सांजच्याक मीच देवळात जाऊन प्रसाद लावून आलो. उजवी! देवीने सरळ उजवी दिली!"

पल्लवीने गौरवीकडे पाहिलं. गौरवीने बुटाच्या नाड्यांकडे पाहिलं. देवीच्या नावाने पोरींच्या अंगावर काटा आला असणार, असं सरांना वाटलं.

"प्रसाद कोणी लावलो सर?" गौरवीने हळूच विचारलं.

"कोणी म्हणजे? धाकू गुरवाने!"

"धाकू आजोन," गौरवी म्हणाली. "बरां जालां." आणि उठून हातमोजे चढवत गोलात जाऊन उभी राहिली.

काय सांगावं! त्या सकाळी एक चेंडू तिने आत शिरू दिला नाही. पल्लवीच्या लाथेने जाळं फाटायचं तेवढं बाकी राहिलं. सरांची छाती फुगली. इतक्या दिवसांच्या खोल श्वासांनी जमलं नाही ते एका पाकळीने केलं! खोटं तर खोटं, पण मनाची तयारी झाली की नाही?

त्याच फुगलेल्या छातीने ते दुपारी पाटावर बसले. समोर गरम भात, माशांचं हुमण, तळलेले बांगडे! पहिला घास उचलता उचलता त्यांनी क्षमाला प्रसादाची हकीकत सांगितली. क्षमाने शांतपणे ताट पुढून ओढून घेतलं.

"अगो, काय करतेस!"

"प्रसाद घेतलास मा? मगे जेवतास कशे? प्रसाद घेणाऱ्यान काम पार पडासर निरंकार उपास धरूचो असता. पाणी तेवढां. तुमकां धाकून सांगूक नाय?"

सरांनी जन्मात कधी प्रसाद लावला नव्हता. ते काम कमिटीचं. पण आता विचारायचं कुणाला? "सांगितलं तर!" ते म्हणाले. "बघत होतो, तुला ठाऊक आहे का!"

बांगडे आत गेले.

रात्र पाण्यावर निघाली. सकाळी पाववाला पदेर आपला भोंपू वाजवत नेमका त्यांच्याच खिडकीखाली थांबला, आणि त्याच्या गरम उंड्यांच्या वासाने सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. पोटात आग घेऊन ते पोरींबरोबर पेडण्याच्या मैदानावर पोचले. मैदान गच्च भरलेलं. एका बाजूला डिचोलीच्या बसगाड्या, दुसऱ्या बाजूला आपला अख्खा गाव आणि गावात मिसळून, पण अंमळ डिचोलीच्या बाजूला कलून बसलेली क्षमा. कडेला मधोमध टेबलावर तो कप.

शिट्टी व्हायला थोडाच वेळ होता. एवढ्यात फाटकाकडून हातात पिशवी घेतलेले धाकू गुरव येताना दिसले.

"काय सर! वेळार पावलंय मा?" धाकू घाम पुसत म्हणाले. "मुरगावासून थेट येतंय. बुधवारी गेल्लंय, भाचयेच्या घरा बारसां हुतां. देवळाच्या चाव्येसकट गेल्लंय बघा, कुलूप घालून!"

सरांच्या पायांखालचं मैदान सरकलं. बुधवारपासून कुलूप! आणि सरांनी पोरींना सांगितलेला प्रसाद शुक्रवारचा! धाकूने हे एक वाक्य जरी पोरींच्या कानावर घातलं तर? गौरवीची उडी पुन्हा उलटीकडे, पल्लवीचा चेंडू पुन्हा गोठ्यात, कप डिचोलीला आणि शिट्टी नदीत!

"चेडवां खंय असत?" धाकूने पोरींना शोधत खिशातून पुडी काढली. "देवीचो अंगारो लावतंय तेंकां."

"नको!" सर एवढ्या मोठ्याने ओरडले की लाइन्समनने झेंडा वर केला. "म्हणजे... एकाग्रता! खेळाडूंना आता कुणी हात लावायचा नाही. शास्त्र आहे!"

"अंगाऱ्याक कसली एकाग्रता?"

उत्तर द्यायच्या भानगडीत न पडता सरांनी धाकूला दंडाला धरून मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला नेलं, खुर्ची दिली, सोडा दिला, मिरची भज्यांची बशी हातात दिली. वास नाकात शिरला आणि सरांना गरगरलं.

"तुमी खाया मा," धाकू म्हणाले.

"माझा उ... म्हणजे, पोटाला बरं नाही," सर म्हणाले आणि पळाले.

सामना सुरू झाला. सरांचा एक डोळा चेंडूवर, दुसरा धाकूवर. चेंडू पुढे गेला की धाकू खुर्चीतून उठायचे. सर लगेच हात करायचे, बसा बसा! डिचोलीने गोल केला तेव्हा सर धाकूला दुसरी बशी पोचवत होते. पल्लवीने तो फेडला तेव्हा सर तिसऱ्या सोड्याचं झाकण काढत होते. आपल्या संघाचा गोल पाठीमागच्या आरडाओरड्यावरून समजलेला कोच उभ्या गोव्यात दुसरा झाला नसेल!

बरोबरीत वेळ संपली. पुन्हा पेनल्टी! दरवर्षीचं तेच मरण!

गौरवी गोलाकडे गेली, सरांनी बाकीच्या पोरींना जवळ घेऊन उभं केलं. आणि त्यांनी मान वळवली तर धाकूची खुर्ची रिकामी! धाकू गुरव गोलच्या जाळ्यामागून सरळ गौरवीकडे चालले होते. सर धावले, पण उपाशी पाय ते. अर्ध्या वाटेतच थांबावं लागलं.

लांबून सगळं दिसत होतं, ऐकू काहीच येत नव्हतं. धाकूने गौरवीच्या कपाळाला अंगारा लावला. काहीतरी विचारलं. गौरवी काहीतरी बोलली. मग दोघांनी वळून सरांकडे पाहिलं. धाकूने कपाळावर हात मारला.

संपलं! सरांना डोळ्यांसमोर चित्र आणायला आता कुणी सांगायची गरज नव्हती. आपोआप आलं. कोलवाळचा पूल, खाली पाणी.

पेनल्टी सुरू झाल्या. इकडून एक, तिकडून एक. सरांनी खोल श्वास घेतला; भज्यांचा वास आत गेला. मन शांत करायचं वाक्य आठवून बघितलं, एक अक्षर आठवेना. पल्लवी शेवटची पेनल्टी मारायला गेली. सरांनी डोळे गच्च मिटले. गाव ओरडला! शिरला!

आता डिचोलीची शेवटची. अडवली तर कप. गौरवी गोलात हात पसरून उभी. आणि फोंड्याच्या शिबिराचे सुदेश सर, भरल्या मैदानात, हात जोडून मोठ्याने गाऱ्हाणं घालू लागले, "बाये सातेरी, माझी चूक माझ्या पदरात घाल, चेडवांच्या नको. तीं निर्दोष असत. तेंचां सांभाळ कर, तेंकां यश दी..."

"व्हय म्हाराजा!" मागून अख्खा गाव गरजला.

चेंडू सुटला. गौरवी उजवीकडे झेपावली. चेंडू तिच्या मुठीला लागला, खांबावर आदळला आणि बाहेर गेला!

मग काय झालं ते सरांना नीट आठवत नाही. कुणीतरी उचललं, कुणीतरी गुलाल घातला, कमिटीने मिठ्या मारल्या. भानावर आले तेव्हा ते बाकावर बसले होते, मांडीवर कप होता आणि समोर गौरवी उभी होती.

"गौरवी," सर चाचरत म्हणाले, "धाकू तुला काय म्हणाले गो?"

"म्हणाले, मी गावात नाय तर प्रसाद लावलो कोणी?"

"आणि तू?"

"मी म्हटलां, आमकां ठावक असा आजो. सगळ्यांक ठावक असा. तुमी सरांक कायच बोला नाकात, तेंचो धीर सुटतलो."

सरांचे कान तापले. "म्हणजे तुम्हाला कालपासून..."

"देवळाक कुलूप सर! आमी पोरी तीन सांजा जाऊन परत इलाव." गौरवी हातमोजे काढत हसली. "तुमी उजवीची खोटी फट मारलास तेव्हा आमकां कळलां, तुमी आमच्यापेक्षा जास्त भियेलात. मगे पल्लवी म्हणाली, आपणच भियेलाव तर सरांचां कसां जातलां? तुमकां सांभाळता सांभाळता आमचां भंय खंय गेलां तां कळलांच नाय."

ज्यांच्या मनाची तयारी करायला ते फोंड्याला जाऊन आले होते, त्या पोरींनी कालपासून त्यांचंच मन तळहातावर जपलं होतं, आणि त्यांना कळूही दिलं नव्हतं. त्यांनी गळ्यातली शिट्टी काढली आणि गौरवीच्या गळ्यात घातली.

"ही आज तू वाजव," ते म्हणाले.

तेवढ्यात गर्दीतून क्षमा आली. हातात डबा होता. झाकणाखालून तळलेल्या बांगड्यांचा वास! सरांनी दोन्ही हात पुढे केले. "आण गो! पार पडलं काम! सुटला माझा उपास!"

"खंयचो उपास?" क्षमा म्हणाली. "प्रसाद घेणाऱ्यान असलो उपास धरूचो असता म्हणान तुमी खंय आयकलास? धाकू मुरगावाक गेल्लो तां माका सुशीला वयनीन बुधवारीच सांगलेलां. देवीच्या नावान फट मारणाऱ्याक मीच तो लावलो!"

सुशीला वयनी म्हणजे धाकूची बायको, शेजारची. सरांनी मुकाट्याने मान खाली घातली. "चुकलं. कबूल. आता तरी वाढ!"

क्षमाने डबा उघडला, सरांच्या नाकापुढून नेला आणि सगळाच्या सगळा गौरवीच्या हातात दिला.

"कालचो उपास फटीचो हुतो," ती पदर खोचत म्हणाली. "आजचो वेगळो. आज माझां म्हायार हरलां!"