परकारभाईंची वही

परकारभाईंनी एकदा रजेच्या अर्जात लिहिलं होतं की दोन दिवस मी एक जुना फ्रेंच बखरकार होणार आहे, तरी रजा मिळावी. मॅनेजरनं विचारलं, हा आजार कुठला? रजा मिळाली नाही.

परकारभाई इथे आखातात, मुहर्रकला, आमच्याच मजल्यावर राहतात. रत्नागिरीकडचे, गोदामात कारकून, मागेपुढे कुणी नाही. वाचायला एक जाडा इंग्रजी शब्दकोश. त्यात त्या बखरकाराचं नाव आहे. मी चौथी शिकलेली, ते नाव माझ्या जिभेला वळत नाही. परकारभाईंचं म्हणणं, शब्दकोशात आहे म्हणजे शब्द आहे, आणि शब्द आहे तर वापरायचा.

माझी नात म्हणाली, "अंकल, इट्स जस्ट अ नेम. त्याला मीनिंग नसतं."

"कसं नसतं? गावोगाव फिरून लोकांना विचारायचं आणि लिहून ठेवायचं. हेच मीनिंग."

तेव्हापासून ते वही करतात. कोण काय जेवलं, कुणाचा व्हिसा आला, कुणाची डाळ करपली, सगळं त्यात. माझी करपली तेव्हा तीही लिहिली. मी आठवडाभर त्यांना चहा विचारला नाही.

त्यांच्या खोलीत भिकू होता, गुहागरकडचा. एसी बसवायचा. तोंडानं फटकळ. एकदा जेवताना सगळ्यांसमोर म्हणाला, "परकारभाई, ही तुमची वही गावचा रद्दीवालासुद्धा घेणार नाही."

सगळे हसले. परकारभाई ताटावरून उठले. "उद्यापासून तुझं नाव वहीत नाही. बोलणंपण खलास."

तिसऱ्या दिवशी रिफा भागात कामावर असताना एका बंगल्याच्या गच्चीवरून भिकू पडला. जागीच गेला. पेटी गावी पाठवली. सोबतच्या कागदावर मरणाचं कारण एका ओळीत होतं.

पंधरा दिवसांनी त्याच्या आईनं परकारभाईंना फोन केला. एकच विचारलं, "माजा पोर त्या दिशी जेवला व्हता का?"

परकारभाईंनी वही उघडली. त्या दिवशी अकरा माणसांचं जेवण लिहिलेलं होतं. भिकूचं नव्हतं.

"शुक्रवारी सांगतो," म्हणाले.

मग हा माणूस रोज काम सुटल्यावर बस धरून रिफाला जायचा. भिकूला कामावर नेणाऱ्या गाडीचा ड्रायव्हर, बंगल्याचा वॉचमन, कोपऱ्यावरचा चहावाला, सगळ्यांना विचारलं. एकानं हाकलून दिलं. गुडघे सुजले. मी म्हटलं, "जेवला म्हणून सांगून टाका. म्हातारी काय तपासायला येणार आहे?"

"लिहिणाऱ्यानं असं करायचं नसतं, मावशी."

शुक्रवारी ते आमच्या स्वयंपाकघरात आले. एकट्यानं बोलायची हिंमत नव्हती. फोन स्पीकरवर ठेवला.

"जेवला होता," ते म्हणाले. "सकाळी दोन अंडी, दीड खुबूस रोटी. उरलेली अर्धी रोटी बांधून घेतली. चहा दोनदा."

"आनि तुमच्याशी काय बोल्ला?"

परकारभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी खुणेनं सांगितलं, काहीतरी सांगा. त्यांनी नाही म्हणून मान हलवली.

"मी बोलत नव्हतो त्याच्याशी. चिडलो होतो. वहीतून नाव काढलं होतं."

बाई म्हणाली, "फोनवर सांगायचा तो. आये, काळजी करू नको, हितं माजं लिवून ठेवनारा मानूस हाय."

परकारभाई उठले, मोरीपाशी गेले आणि नळ सोडून तोंड धुवायला लागले. थांबेचनात. फोन तसाच चालू. मी त्या बाईला कधी पाहिलेलं नाही.

मी विचारलं, "तू काय जेवलीस?"

"अजून न्हाय."

"उठ. भात लाव. मी फोन धरून बसते."

तिकडे भांड्याचा आवाज आला. परकारभाई तोंड न पुसताच परत आले. वही टेबलावर होती, तिला हात लावला नाही. माझ्या हातातून फोन घेतला आणि तिचा भात शिजेपर्यंत कानाला लावून बसले.