शेवटचा हात

गणपत जाधव बारा दिवस हॉस्पिटलात होते आणि त्या बारा दिवसांत त्यांनी स्वतःच्या फुप्फुसांची एकदाही चौकशी केली नाही. चौकशी असायची ती खुर्चीची.

"रंगाला कुनी हात लावला नाय ना?"

"नाही बाबा."

"वाळलाय का?"

"वाळला असेल."

"असेल म्हंजे? खुर्चीच्या हाताखालच्या बाजूला अंगठा टेकवून बघायचा. ठसा उठला तर थांबायचं." मग ऑक्सिजनचा मास्क पुन्हा नाकावर ओढत ते मुलाला बजावायचे, "आणि शेवटचा हात तू मारू नकोस. तुझ्याच्यानं एक काम धड पुरं होत नाय. मी येतो नि करतो."

ते आले नाहीत. तेराव्या दिवशी राहुल त्यांचा चष्मा, लुंगी आणि स्टीलचा डबा एका पिशवीत घालून भोईवाड्यातल्या चाळीत परत आला, तेव्हा दाराआड ती निळी खुर्ची उभी होती. रंग खडखडीत वाळला होता.

बाप खोटं बोलला नव्हता, हे राहुलचं खरं दुखणं होतं. आयटीआय दीड वर्षात सोडलेलं. कॉम्प्युटरचा कोर्स प्रिंटरपर्यंत पोचून थांबलेला. गाडीचं लायसन्स सात वर्षं शिकाऊच. आता तो कुरिअर कंपनीत सुपरवायझर होता आणि तिथं फोन उचलणं एवढंच काम असल्यामुळे ते टिकलं होतं. बापाच्या तोंडून एकदा 'बरं केलंस' ऐकायचं राहिलं होतं, आणि आता ते तोंडच राहिलं नव्हतं. राहिली होती ती खुर्ची. तिच्यावर शेवटचा, चकाकीचा पारदर्शक क्लिअर कोट मारून रविवारच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात बाबांच्या फोटोशेजारी ती झळकवायची, असं त्यानं ठरवलं. एवढं एक काम पुरं करायचं.

खुर्चीला इतिहास होता. गिरणी सुटल्यावर गणपतरावांनी हातात काचपेपर धरला आणि रघुवीर शेट नावाच्या इंटिरियरवाल्याकडे अर्ध्या मलबार हिलची कपाटं आणि पलंग चकचकीत केले. वीसेक वर्षांपूर्वी वाळकेश्वरच्या एका फ्लॅटमध्ये बारा खुर्च्यांना पॉलिश मारून झाल्यावर, त्यातल्या पहिल्या, वाळलेल्या खुर्चीवर ते श्वास घ्यायला टेकले. तेवढ्यात शेट घरमालकांना घेऊन आत आले.

"ऊठ, ऊठ! कपड्यांना रंग आहे तुझ्या!" शेट ओरडले. मग मालकांसमोर शोभा नको म्हणून त्यांनी स्वतःच्या हातानं जमिनीवर पेपर पसरला. "बसायचंय तर इथं बस."

गणपतरावांनी ही गोष्ट घरी एकदाच सांगितली. "इंग्लिश पेपर टाकला हां," असंही हसत सांगितलं. त्यानंतर ते कामाच्या ठिकाणी कधी बसले नाहीत, उभ्यानं डबा खायचे. निवृत्त झाल्यावर मात्र त्यांनी चोरबाजारातून एक मोडकी, रुंद हातांची साहेबी खुर्ची आणली. पायांना लाकूड जोडलं, भेगा लांबीनं भरल्या, घासली आणि तिला गडद निळा रंग दिला. दुसऱ्याच दिवशी धाप लागली. त्या खुर्चीवर ते एकदाही बसले नाहीत.

शनिवारी सकाळी राहुल लालबागच्या रंगाच्या दुकानात गेला. त्याच वेळी कुरिअरची एक गाडी वडाळ्यात बंद पडली होती, त्यामुळे त्याच्या एका कानात ड्रायव्हर होता आणि दुसऱ्यात दुकानदार. दुकानदारानं एक मोठा डबा, एक छोटा डबा आणि थिनरची बाटली दिली आणि काहीतरी मन लावून समजावलं. राहुल "हो, हो, टो करून घ्या" म्हणाला. ते नेमकं कुणाला म्हणाला, हे त्यालाही नंतर आठवलं नाही.

घरी येऊन त्यानं जे केलं ते मात्र बापानंही बघत राहावं असं होतं. बारीक काचपेपरनं हलकं घासलं. ओल्या फडक्यानं धूळ टिपली, सुकू दिलं. हाताखाली बाबांच्या अंगठ्याचा ठसा रंगात उठलेला होता, तेवढी जागा सोडून दिली. मग मोबाइलवर व्हिडिओ लावून, मोठ्या डब्यातलं क्लिअर थिनरनं सैल करून, एकाच दिशेनं ब्रश ओढत पातळ हात मारला. दुपारनंतर दुसरा. कमल, त्याची आई, पांढऱ्या साडीत भिंतीला टेकून बघत होती. तिनं त्याला दोनदा चहा दिला.

रविवारी सकाळी खुर्ची आरशासारखी चमकत होती. राहुलनं हाताखाली अंगठा टेकवला. बोट सुटेना. सुटलं तेव्हा 'चक्' असा आवाज आला.

"ओलसर हवा आहे," त्याची बायको मेघना म्हणाली. "फॅन लाव."

फॅन लावला. कबुतराची दोन पिसं उडत आली आणि खुर्चीच्या पाठीवर विराजमान झाली. ती चिमट्यानं काढली. मग मेघनानं केस सुकवायचं मशीन आणलं. त्यानं खुर्ची सुकण्याऐवजी जास्तच मऊ पडली आणि अख्ख्या मजल्याची लाइट गेली. चाळीतले मनूकाका फ्यूज बांधायला शिडीवर चढले आणि तिथूनच विचारते झाले, "काय रे, मयताच्या घरी केस कोन सुकवतंय?"

नऊ वाजता खुर्ची होती तशीच होती. दिसायला देखणी, हात लावायला घातकी.

"आई, खाली नेतो आणि तिच्यावर पाटी लावतो," राहुल म्हणाला. "'हात लावू नये'."

कमलनं पहिल्यांदाच आवाज चढवला. "ती पाटी ह्यांनी जन्मभर वाचली. जे जे ह्यांनी चमकवलं, त्याच्यावर त्या शेटनं तीच पाटी लावली. ह्यांच्या खुर्चीवर ती पाटी दिसली ना, तर मी खाली येनार नाय."

पाटीचा विषय तिथंच संपला. खुर्चीचे पाय धरून ती तळमजल्यावरच्या समाजमंदिरात नेण्यात आली. समोर टेबलावर बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी, त्यांच्या बाजूला गणपतरावांचा हार घातलेला फोटो, आणि शेजारी ती रिकामी निळी खुर्ची. फोटो सारखा मागे कलंडत होता. मेघनानं सामानातून काहीतरी आणून त्याच्या पाठीशी टेकू दिला. राहुल खुर्चीजवळ पहाऱ्याला उभा राहिला. लोकांना वाटलं, पोराला बापाची खुर्ची सोडवत नाही. दोघी-तिघींनी डोळे टिपले.

कार्यक्रम सुरू व्हायला आणि रघुवीर शेट यायला एकच गाठ पडली. पांढरा सफारी, एका हातात हार, दुसऱ्यात मोबाइल. वय सत्तरीचं, पण चालण्यात अजून साइटवर आल्याचा तोरा. त्यांनी फोटोला हार घातला, दोन क्षण डोळे मिटले आणि उघडले तेव्हा त्यांना खुर्ची दिसली.

चाळीस वर्षांची सवय. शेट वाकले. ट्यूबलाइटचा उजेड खुर्चीच्या हातावर कसा पडतो ते त्यांनी डावीकडून पाहिलं, मग उजवीकडून.

"वा!" ते म्हणाले. "वा, वा! एक ब्रशचा फराटा नाही. हे कुणी केलं?"

"मी," राहुल म्हणाला. "म्हणजे रंग बाबांचा. शेवटचा हात माझा."

"बरं केलंस," शेट म्हणाले. "गणपतचं नाव राखलंस, पोरा."

इथं राहुलनं बोलायला हवं होतं. 'शेट, ओली आहे' एवढे तीन शब्द. ते त्याच्या ओठांवर आलेही होते. पण 'बरं केलंस' हे दोन शब्द ऐकायला माणूस तीस वर्षं थांबला असेल, तर ते आत पोचायला थोडा वेळ लागतो. आणि शेटची दुसरी एक सवय होती. तयार झालेल्या प्रत्येक खुर्चीवर गिऱ्हाइकाच्या आधी ते स्वतः बसून बघत.

ते बसले. ऐसपैस, पाठ टेकून, दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवून.

राहुलनं आईकडे पाहिलं. आईनं त्याच्याकडे पाहिलं आणि मग हात जोडून समोर बघायला लागली.

बौद्धाचार्यांनी त्रिसरण, पंचशील घेतलं. भाषणं सुरू झाली. मनूकाका गिरणीच्या संपापासून निघाले ते वीस मिनिटांनी गणपतरावांपर्यंत पोचले. शेटनी बसल्या बसल्याच दोन शब्द सांगितले. "गणपत माझा नोकर नव्हता, भाऊ होता. आम्ही एका ताटात जेवलो." कमलनं मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. उभ्यानं खाल्लेल्या डब्यांची संख्या तिला माहीत होती, कारण ते डबे तिनं भरले होते.

मग सूत्रसंचालक म्हणाले, "आता सर्वांनी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून गणपत जाधव यांना आदरांजली वाहायची आहे."

दोनशे माणसं उठली. शेटही उठले. आधी त्यांचे तळवे सुटले, मोठा आवाज करत. मग त्यांनी नेट लावला आणि खुर्चीही त्यांच्याबरोबर उठली.

सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू आलं असतं. त्या शांततेत रघुवीर शेट कमरेत वाकून, पाठीवर निळी खुर्ची घेऊन गणपतरावांच्या फोटोसमोर उभे होते. कुणी हसलं नाही. लोक दुःखात होते आणि शिवाय त्यांना वाटलं, ही शेटची आदर दाखवायची पद्धत असेल. पुढच्या रांगेतला एक म्हातारा तर त्यांचं बघून स्वतःही थोडा वाकला. दोन मिनिटं संपता संपत नव्हती. बापाच्या आदरांजलीची राहुलनं माती केली होती, आणि ज्यांनी बापाला खुर्चीवरून उठवलं त्यांना आता त्याच्यामुळे उठता येत नव्हतं. या दोन गोष्टींतल्या कुठल्या गोष्टीचं काय वाटून घ्यावं, हे त्याला कळेना.

"बसून घ्यावं," सूत्रसंचालक म्हणाले. शेट खुर्चीसकट धाडकन बसले. त्या धक्क्यानं टेबल हललं, गणपतरावांचा फोटो मागे कलला आणि त्याच्या पाठीमागचा टेकू घरंगळत थेट शेटच्या पायाशी आला.

तो छोटा डबा होता. सीलबंद.

शेटनी तो उचलला, चष्मा सावरून वाचला. "हार्डनर," ते हळूच म्हणाले. मग त्यांच्यातला कॉन्ट्रॅक्टर जागा झाला. "अरे गाढवा! हे घातलंच नाहीस? याच्याशिवाय हे क्लिअर जन्मात वाळत नाही!"

"मला... फोटोला टेकू हवा होता," मेघना पुटपुटली. बाबा सकाळपासून नेमके त्यालाच टेकून बसले होते.

लोक पांगल्यावर सुटकेचं काम सुरू झालं. मनूकाकांनी शेटच्या काखेत हात घातले, राहुलनं खुर्ची धरली. सफारीचा शर्ट खुर्चीच्या पाठीवर धागे सोडत निघाला. पँट निघेना.

"थिनर ओततो," राहुल म्हणाला.

"थिनर नको!" शेट कळवळून ओरडले. "खालचा रंग उतरेल! गणपतचा रंग आहे तो!"

हे ते अगदी मनापासून बोलले. माणसाची किंमत त्यांना कधी कळली नसेल, कामाची कळत होती. शेवटी चार जणांनी पांढरी चादर धरून आडोसा केला, शेटनी पट्टा सोडला आणि पँट खुर्चीवर बसलेली ठेवून ते एकटे उठले.

आता घालायला काय द्यायचं? राहुलच्या पँटीत शेटचं एक पाऊलही शिरेना. कमल वर गेली आणि खिळ्यावर टांगलेली पँट घेऊन आली. गणपतरावांची कामाची पँट. चाळीस वर्षांचे रंग तिच्यावर होते, सगळे वाळलेले.

"धुतलेली हाय," ती म्हणाली.

शेटनी ती घातली. ती त्यांना बरोबर बसली.

राहुल त्यांना गेटपर्यंत सोडायला गेला. गाडी पांढरी, आतली कव्हरंही पांढरी. शेटचा ड्रायव्हर रामजी दार उघडून उभा होता. त्यानं मालकाच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग पँटीकडे पाहिलं आणि दार अर्धवट लोटून घेतलं.

"शेट, एक मिनिट. कपड्यांना रंग आहे."

"अरे, मी आहे!"

"तुम्हीच सांगितलंय ना, रंगाच्या कपड्यात कोणालाच सीटवर घ्यायचं नाय. मागच्या वेळी सुताराला बसवला तर माझा पगार कापला तुम्ही." रामजीनं डॅशबोर्डवरचा पेपर घेतला, सीटवर नीट पसरला, कोपरे दाबले आणि दार पुन्हा उघडलं. "हां, आता बसा."

शेट पेपरकडे बघत थोडा वेळ उभे राहिले आणि मग सावकाश, अंग चोरून बसले. काही आठवलं असेल किंवा नसेलही. गाडी गेली.

राहुल परत आला तेव्हा समाजमंदिरात कमल एकटीच खुर्चीसमोर बसली होती. खुर्चीवर शेटची पँट, पाय खाली सोडून.

"वाया गेली आई," तो म्हणाला. "सगळं खरवडावं लागणार. बाबा बरोबर बोलत होते." आणि मग, सांगायचं म्हणून, त्यानं गाडीची गोष्ट सांगितली.

कमलनं ती पूर्ण ऐकली.

"कुठला पेपर टाकला?" तिनं विचारलं.

"मराठी. कालचा होता."

"ह्यांना इंग्लिश टाकलेला," ती म्हणाली. तिच्या तोंडाला पदर लागला आणि खांदे हलायला लागले. राहुल घाबरून जवळ गेला, तेव्हा त्याला कळलं की आई हसते आहे. डोळ्यांतून पाणी येत होतं, तरी हसतच होती. तिनं हात लांब करून खुर्चीच्या हाताखाली तो अंगठ्याचा ठसा चाचपला आणि फोटोकडे वळली.

"अहो, ऐकलंत का? पोरानं काम पुरं केलं."