मारुतीच्या छातीला पाणी

प्रतिभा मॅडमचं स्वप्न तसं साधंच होतं. आपण घरी गॅलरीत पाय पसरून बसलोय आणि त्याच वेळी नाशिकभरची पोरं कॉम्प्युटरसमोर बसून आपली गणितं सोडवतायत, बस्स! म्हणून तर २००२ साली, गंगापूर रोडवरच्या एका कॉलेजात उपयोजित गणित शिकवताना, त्यांनी कोर्सचं वेबपेज काढलं. प्राचार्यांनी विभागाला त्यासाठी कशीबशी एक फोनलाईन दिली. इंटरनेट लागताना मोडेम असं काही किंचाळायचं, की शेजारच्या वर्गात डुलक्या घेणारी पोरं खडबडून जागी व्हायची.

पण पेज बघायचं कोण? पेजच्या तळाशी भेटी मोजणारा आकडा होता. मॅडमनी स्वतः पेज उघडलं की तो एकानं वाढायचा, आणि मॅडम तेवढ्यावर दिवसभर खुशीत असायच्या.

"मॅडम, सोमवारपर्यंत वाट बघतो," प्राचार्य म्हणाले. "एका तरी विद्यार्थ्यानं तुमच्या पेजवरचं गणित सोडवलेलं दाखवा. नाहीतर लाईन ऑफिसला परत."

शुक्रवारी दुपारी मॅडम खिडकीशी बसल्या. भाद्रपदातलं पिवळं ऊन पडलं होतं. ढग इतके सावकाश चालले होते, की त्यांना कुठं जायचंय हे तेच विसरले असावेत. पोरांना मीटर-सेकंद नको वाटतात. मग त्यांना आपलं वाटेल असं माप कोणतं? आणि मॅडमना एकदम सुचलं. गोदावरीच्या पुराला नाशकात एकच माप आहे, घाटावरचा दुतोंड्या मारुती! पाणी त्याच्या गुडघ्याला लागलं की लोक बघायला जातात, कमरेला लागलं की दुकानं आवरतात, आणि छातीला लागलं की कुणी कुणाला काही विचारतच नाही. मॅडमच्या डोळ्यांसमोर पाणी हळूहळू चढायला लागलं. त्या तंद्रीतच त्यांनी हाताशी आलेल्या कॉलेजच्या लेटरहेडवर, सुंदर अक्षरात गणित लिहिलं. मराठी टाईप केलं की स्क्रीनवर नुसते चौकोन उमटायचे, म्हणून तो कागद स्कॅन करून पेजवर चढवला.

शनिवारी सकाळी त्यांचा विद्यार्थी ललित पंचवटीत दिनेशच्या सायबर कॅफेत बसला. स्क्रीनवर कागद वरून खाली, ओळीओळीनं उतरत होता, जणू कुणी गच्चीवरून साडी वाळत सोडतंय. अर्ध्यावर आला आणि लाईन तुटली.

"आलंय तेवढं छापू का?" दिनेशनं विचारलं.

"छाप रे. बाकीचं वर्गातल्या मीनाकडून घेतो."

छापलेल्या अर्ध्या कागदावर कॉलेजचं नाव होतं, शिक्का होता, फोन नंबर होता आणि खाली लिहिलं होतं, 'शनिवारी सकाळी धरणातून पाणी सोडण्यात आले आहे. पाणी वाढत जाऊन दुतोंड्या मारुतीच्या छातीपर्यंत पोहोचेल'. त्यापुढचं 'असे धरून, किती वाजता ते काढा' तारेतच कुठंतरी राहिलं होतं.

कागद खिशात कोंबून ललित नदीकाठच्या भाजीबाजारात आत्याला डबा द्यायला गेला. आत्या, म्हणजे लंकाबाई, कोथिंबिरीच्या जुड्यांवर पाणी मारत होती. खिशातनं डोकावणारा शिक्का तिला दिसला. तिनं कागद ओढला आणि अक्षर लावून मोठ्यानं वाचायला लागली. 'छाती' येईपर्यंत आजूबाजूचे पाच-सहा भाजीवाले गोळा झाले होते.

"ललित्या, ह्ये कुठून आनलं?"

"इंटरनेटवरून, आत्या."

"मेल्या, आन डबा दिऊन मंग सांगतोस व्हय?"

"अगं आत्या, ते गणित आहे!"

"मारुतीचं कुठं गनित आसतं?"

झालं! टोपल्या पायऱ्या चढायला लागल्या. घाटावरच्या गुरुजींनी यजमानाला म्हटलं, "संक्षेपात करू." आकाश निळंशार होतं, पण त्यानं कुणाचंच समाधान होईना. "पाऊस वर त्र्यंबकाकडं झाला आसंल," लंकाबाईनं निकाल दिला.

ललितला एकच उपाय दिसला: गणित सोडवून दाखवायचं! त्यानं पीसीओवरून मीनाला बोलावलं. ती वर्गातल्या चंदरला घेऊन आली आणि पेजवरून उतरवून घेतलेलं पूर्ण गणितही. आयुष्यात पहिल्यांदाच तिघं आपण होऊन गणिताला बसले.

ललितचं पाणी गुडघ्यापाशीच थांबलं. मीनाचं संध्याकाळी साडेपाचला छातीला लागलं. चंदरचं उत्तर वजा आलं.

"वजा म्हंजी?" लंकाबाईनं विचारलं.

"पाणी उलटं धरणाकडं चाललंय, मावशी," चंदर ओशाळून म्हणाला.

बाजारात तट पडले. गुडघेवाले तिसऱ्या पायरीवर थांबले, छातीवाले पार रस्त्यावर जाऊन बसले. चंदरवर विश्वास ठेवून एक म्हातारा टोपली घेऊन परत खाली निघाला.

तेवढ्यात स्कूटर आली. पुढं लालबुंद प्राचार्य, मागं प्रतिभा मॅडम. कुणीतरी लेटरहेडवरच्या नंबरला फोन करून पाणी कुठवर आलं ते विचारलं होतं.

"मॅडम, हे काय आहे?"

"सर, गृहपाठ."

"बाई, पानी कधी येनार, त्ये सांगा आधी!" लंकाबाई ओरडली.

मॅडम घाबरल्याच होत्या. पण समोर मारुती उभा होता, पायऱ्यांवर एवढी माणसं त्यांच्याकडं टक लावून बसली होती, आणि पर्समध्ये खडू होता. त्या फरशीवर वाकल्या. नदीची रुंदी लिहिली, उतार लिहिला. मग सगळं विसरल्याच! ऊन पाण्यावर हलत होतं, समीकरण एक एक पायरी खाली उतरत होतं आणि सगळा भाजीबाजार खडूमागं माना वळवत होता.

"...म्हणजे सहा वाजून दहा मिनिटांनी," मॅडम म्हणाल्या. "पण पाणी सोडलेलंच नाही. आपण फक्त धरून चाललो."

"आसं कसं धरून चालता? मंग मही कोथमीर कोन खाली आननार?"

मॅडमनी आपल्या तिन्ही विद्यार्थ्यांकडं बोट दाखवलं.

टोपल्या डोक्यावर घेऊन उतरणाऱ्या पोरांकडं प्राचार्य बघत राहिले. "मॅडम, गणित या तिघांनी सोडवलं?"

"हो सर. पण तिघांचंही चुकलं."

"सोडवलं ना? मग राहू द्या लाईन."

लाईन राहिली! पण ऑफिसनं भाजीबाजाराला विभागाचाच नंबर देऊन टाकला आणि सोमवारपासून ती कधी मोकळी मिळेचना. मॅडम इंटरनेट लावायला जायच्या आणि फोन खणखणायचा. "बाई, आज पानी कुठवर?" पेजवर नवीन गणित चढवणं अशक्यच झालं. बुधवारी पुन्हा घंटी वाजली, तेव्हा मॅडमनी उसासा टाकत फोन उचलला.

"पायाशीच आहे हो पाणी, लंकाबाई."

"पान्याचं ऱ्हाऊ द्या वो," पलीकडून आवाज आला. "फुडचं गनित कशाचं हाय?"

मॅडमनी मोडेमची वायर बाजूला सारली आणि कोरा कागद पुढं ओढला.

"लंकाबाई, मला सांगा, उन्हात ठेवलेली कोथिंबीर किती वेळात मान टाकते?"